जांभळ्या लुगड्यातली बाई

आमच्या घरातले पुरुष बायकांना लुगड्यावरून ओळखतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. चेहरा त्यांनी पाहायचा कधी? दिवसभर दीर-जेठ, गावचे वडीलधारे, कोणी ना कोणी ओसरीवर बसलेलं. त्यांच्यासमोर पदर नाकाच्या खाली. रात्री दिवा मालवल्यावर पदर वर जातो, पण तेव्हा दिवाच नसतो. म्हणून मग आमच्या गावात, कामठ्यात, असं ऐकू येतं: "हिरवीले म्हणा पानी आन," "लालवाली विहिरीवर गेली काय?" माझी जाऊ रुख्मिणी काठाचं निळं नेसते, तर तिचं नाव निळी. मी कत्थई.

कत्थई म्हणजे पानाला लावतात त्या काताचा रंग. धानाचा कोंडा, चुलीचा धूर, शेण, सगळं पोटात घालतो. कामाचं लुगडं नेहमी कत्थईच असायचं. सणाला पेटीतलं लाल नाहीतर पिवळं निघायचं. मग माझ्या पोराचं, भोजराजचं लग्न झालं, सुशीला सून म्हणून घरात आली, आणि रीतीप्रमाणे मी पेटी उघडून माझे रंग तिच्या ओटीत घातले. सून आली की सासूने रंग सोडायचे. कोणी जुलूम करत नाही हो. नुसतं सगळ्या बाया बसून बघतात, की ही पेटीच्या तळाशी एखादं दडवून तर ठेवत नाही ना.

मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते. दात सगळे शाबूत होते.

सुशीला पोरगी चांगली. तोंडाळ आहे, पण मनाची चांगली. ती माझं लाल लुगडं नेसून अंगणात धान पाखडायला बसली की मला वाटायचं, मीच तिथे बसलेय आणि मीच इथे उभी राहून तिला पाहतेय. त्यातली कोणती खरी, ते काही केल्या ठरत नसे.

दोन वर्षं अशी गेली. मग एका फाल्गुनात पळस फुलला, मी सुशीलाकडून ओंजळभर फुलं आणवली, उकळली, आणि माझी जुनी पांढरी पडलेली चोळी त्यात बुडवून ठेवली. का, ते विचारू नका. हातांना काही तरी करावंसं वाटलं. चोळी निघाली अशी केशरी, की माझी मीच दचकले. कत्थई लुगड्यावर ती घातली. चुलीतल्या राखेखाली निखारा दिसावा, तसं काहीसं झालं.

रुख्मिणीने पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"काय वं सुमित्रा, आग लागली काय पोटाले?"

"पोटाले नाही. अंगाले."

"सुनेनं पायलं तं?"

"तिनंच फुलं तोडून देल्ली."

सुशीला माजघरातून हसली. त्या दिवशी मी माझ्या मालकांना, केवळराम त्यांचं नाव, दोनदा वाढलं. एकदा भात, एकदा वरण. त्यांनी ताटाकडे पाहिलं. ताट चांगलं घासलेलं होतं, पाहण्यासारखं होतं.

मग मला छंदच लागला. काळ्या चोळीला पोपटी बाह्या लावून पाहिल्या. हिरव्या बांगड्यांत एकेक नारिंगी सरकवली. एकदा हळदीत बुडवलेल्या चोळीला कडेने निळा गोट शिवला, तेव्हा रुख्मिणी म्हणाली, "बाई वं, पिंजऱ्याचं दार उघडं रायलं, पोपट उडून आला." विहिरीवरच्या बाया आठ दिवस मला 'मिठ्ठू' म्हणत होत्या. मला वाईट वाटलं नाही. बोलायला आधी पाहावं लागतं, आणि त्यांनी पाहिलं तरी होतं. ज्यांनी पाहावं म्हणून मी सुईत दोरा ओवत होते, ते ओसरीवर बसून बिडी ओढत राहायचे.

एकदा मीच म्हटलं, "अजी, ही चोळी कशी दिसते?"

"कोणती?"

"घातलेली."

त्यांनी मान वळवली. पदर कत्थईच होता. "कालचीच तं हाये," म्हणाले, आणि बाहेर बैलांना पाणी पाजायला गेले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की चोळ्यांनी काही होणार नाही. माणूस लुगडं पाहतो, तर लुगडंच बदलायला हवं. आणि मनात हट्ट बसला. चाळिशी उलटलेल्या बाईला हट्ट शोभत नाही, पण बसला. एकदा, एकदाच, या माणसाने मला पाहून थांबावं. काही बोलू नये हवं तर. नुसतं थांबावं.

आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढची ती महाशिवरात्र. राज्य बदललं म्हणत होते सगळे. आम्ही होतो तिथेच होतो. शिवरात्रीच्या आठ दिवस आधी सुशीलाला खण घ्यायचे म्हणून आम्ही दोघी गोंदियाला छोटेलालच्या दुकानात गेलो. छोटेलाल हिंदीत बोलणारा, तोंडात पान, कापडाचा तागा असा फेकायचा की गादीवर पूर यावा. त्यात एक जांभळं लुगडं आलं. पिकलेल्या जांभळाचं, खाल्लं तर जीभ रंगावी असं. मी शेजारच्या ढिगातून हळदी पिवळा खण ओढला आणि त्यावर ठेवला.

छोटेलाल थांबला. पान चावायचा थांबला. "वाह काकी! ये जोड़ी तो हमने भी नहीं सोची. बहू पे खूब खिलेगा."

"बहूवर नाही," सुशीला म्हणाली, "काकीवरच खिलंल. बांधा."

जवस निवडून साठवलेले माझे पैसे होते, ते दिले. छोटेलालने पुडी बांधता बांधता माझ्याकडे असं पाहिलं, जसं गिऱ्हाइकाच्या आत कोणी माणूस बसलेलं त्याला पहिल्यांदाच दिसलं. मला तेवढंही पुरलं असतं खरं तर. दुकानदाराचं पाहणं मोजायचं नसतं, म्हणून नाही मोजलं.

नागऱ्याच्या महादेवाला आमच्याकडून गाड्या भरभरून लोक जातात. पुरुष पहाटेच पायी निघाले होते. रुख्मिणीचे पाय सुजले म्हणून ती घरी राहिली. मी, सुशीला आणि तिचं चार महिन्यांचं लेकरू गाडीत. तिथे पोचल्यावर मी तलावात आंघोळ केली, दर्शन घेतलं, आणि बायकांच्या आडोशाला ते जांभळं लुगडं नेसले. हळदी चोळी. बांगड्या हिरव्या. सुशीलाने दोन पावलं मागे सरून पाहिलं.

"आत्याबाई, तुमी तं जमीनदारीन दिसून राहिल्या."

"घाबरवू नको."

"मामाजीले आज चक्कर येते पाहा."

मामाजी म्हणजे तिचा सासरा, माझे मालक. लेकरू रडायला लागलं तसं ती त्याला पाजायला गाडीकडे गेली. मी ओलं कत्थई धुतलं, तलावाच्या पायरीवर वाळत घातलं, उडू नये म्हणून कोपऱ्यावर दगड ठेवला, पदर नाकाखाली ओढला आणि जत्रेत निघाले.

मालक सापडले नांगराचे फाळ विकायला बसतात तिथे. त्यांच्याबरोबर त्यांचे थोरले भाऊ मनिराम, म्हणजे माझे जेठ, आणि गावचे दोघे-तिघे. रस्ता अरुंद. मी समोरून आले. छातीत धान कांडल्यासारखं होत होतं. मालकांनी पाहिलं. थांबले. खरंच थांबले! मग एका बाजूला सरले, हाताने वाट दाखवली आणि म्हणाले,

"या बाई. तुमी जा पयले."

तुमी. बाई. पंचवीस वर्षांत मला 'ए' आणि 'ऐकलं काय' याखेरीज काही मिळालं नव्हतं. मला वाटलं थट्टा करतायत. भाऊ बाजूला आहे म्हणून अशी चोरटी थट्टा करतायत, आणि मला इतकं बरं वाटलं की पदराआड मी हसले. पुढे जाऊन, बांगडीवाल्याच्या मागून वळसा घालून परत आले. पुन्हा त्यांच्या अंगावरून गेले. या वेळी जरा जवळून.

ते भावाला सांगत होते, "अवंदाचा फाळ हलका हाये." माझा पदर त्यांच्या बाहीला लागला, तर अदबीने हात आवरून घेतला. परक्या बाईचा पदर लागला की चांगला माणूस आवरतो तसा. चांगला माणूस आहे तो. तेच तर दुखणं.

मी चिंचेखाली जाऊन बसले. किती वेळ बसले कोण जाणे. उपास होता, पोटात काही नव्हतं. जत्रा पाहत राहिले आणि काही दिसलं नाही. तळ्याकडे गलका झाला, लोक धावायला लागले, तेव्हा उठले. कोणी म्हणत होतं, बाई बुडाली. कोणी म्हणत होतं, कामठ्याची.

मी गर्दीत शिरले, तर माझे मालक पायरीवर बसलेले. मांडीवर माझं कत्थई लुगडं.

झालं होतं असं. गाड्या जुंपायची वेळ झाली, मी दिसेना, म्हणून ते शोधायला निघाले. पायरीवर दगडाखाली लुगडं दिसलं. कत्थई आहे आणि आत बाई नाही. त्यांना दुसरं काय वाटणार? मासे धरणाऱ्या ढिवरांची दोन माणसं कमरेइतक्या पाण्यात उतरून पायांनी तळ चाचपत होती. पांढरी टोपी घातलेला ईश्वरदास नावाचा एक स्वयंसेवक वही काढून उभा होता.

"तुमचीच बायको कशावरून? लुगडी सारखी असतात."

"हे तिचंच हाये जी." मालकांनी पदराचा कोपरा उचलून दाखवला. "हे पाहा, जळलं हाये. वर ठिगळ हाये. चार वर्षांखाली उसना करता करता पेटलं होतं. मीच हातानं इझवलं. मीच वरडलो होतो तिच्यावर, नवं लुगडं जाळलंस म्हणून." आणि ते रडले. आवाज करून, लहान मुलासारखे. मी त्यांना त्यांचा बाप गेला तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं.

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. पुढे होणारच होते. पाय उचललाच होता.

"नाव सांगा," ईश्वरदास म्हणाला.

बायकोचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. मालक घुटमळले. "भोजराजची माय."

"तिचं स्वतःचं नाव असेल ना?"

"सुमित्रा," मालक म्हणाले.

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. इतकं हळू म्हणाले, जसं ते नाव इतकी वर्षं खिशात घडी घालून ठेवलेलं असावं. माझा पाय तिथेच राहिला. वाटलं, आणखी एकदा म्हणू दे. एकदाच, मग जाईन पुढे. आज लिहिताना लाज वाटते, पण माणूस रडत होता आणि मी त्याच्या तोंडून माझं नाव ऐकायला थांबले होते.

"वय?"

"असंल चाळीस. पन्नास."

"उंची?"

त्यांनी हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. "बायामानसायची राहते तेवढी."

"रंग? गोरी, सावळी?"

मालकांनी भावाकडे पाहिलं. जेठांनी मान खाली घातली. त्यांना तर माझं तोंड माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

"कत्थई," मालक म्हणाले.

"लुगड्याचा नाही हो. बाईचा."

मालक लुगड्याची घडी घालू लागले.

"बरं, अंगावर काही खूण? डाग, तीळ, भाजल्याचं, कापल्याचं?"

आता ऐका. तो उसना. आमच्याकडे धान हंड्यात उकळून, वाळवून मग कांडतात, त्याला उसना म्हणतात. त्या दिवशी हंडा कलंडला. पदराचं टोक चुलीत गेलं आणि उकळतं पाणी माझ्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत. मालक धावत आले, पदर विझवला, ओरडले, आणि लुगडं किती जळलं ते उलटंपालटं करून पाहिलं. हात रुख्मिणीने पाहिला. दीड महिना मी नुसत्या उजव्या हाताने भाकरी थापली. ती कातडी आजही वेगळी आहे, गुळगुळीत, गुलाबी, भिंतीला नवं लिंपण लावावं तशी.

"खूण?" ईश्वरदासने पुन्हा विचारलं.

मालकांनी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, मला दिसत होतं. डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या.

"काही नाही जी," म्हणाले. "साधी बाई होती."

ईश्वरदासने लिहिलं. पुडीच्या कागदांवरून मी अक्षरं शिकले आहे, घरात कोणाला ठाऊक नाही. मी मान वाकवून वाचलं. *कत्थई लुगडे, कोपरा जळका.* पुढच्या चार ओळींवर आडवी रेघ.

माझ्या डोक्यात काय आलं सांगू? राग नाही. राग घरी आल्यावर आला. तेव्हा वाटलं, याला एक संधी आणखी देऊ. जेठ समोर होते, बोलता येत नव्हतं. मी पुढे झाले आणि डावा हात लांब केला, बांगड्या वर सारून, लुगडं मागितल्यासारखा. ती सगळी गुलाबी कातडी त्यांच्या नाकासमोर, उन्हात.

त्यांनी हाताकडे पाहिलं. मग लुगडं छातीशी ओढलं.

"हात नोका लावू बाई," ते म्हणाले. "हे माह्या घरचं हाये."

मी पदर वर केला. जेठांसमोर, गावासमोर, पार कपाळाच्या वर.

"अजी," मी म्हटलं, "मी हावो."

ते माझ्याकडे पाहत राहिले. आधी तोंडाकडे, मग जांभळ्याकडे, मग पिवळ्या चोळीकडे, मग मांडीवरच्या कत्थईकडे, आणि पुन्हा तोंडाकडे. देवाशपथ सांगते, त्यांना कळत नव्हतं कोणावर विश्वास ठेवावा. तेवढ्यात लेकरू काखेत घेऊन सुशीला धापा टाकत आली.

"अवो मामाजी, ह्या काय आत्याबाई! मीच तं नेसवलं!"

सुनेवर त्यांनी विश्वास ठेवला.

पाण्यातले ढिवर हसायला लागले. मग सगळेच. ईश्वरदासने वही मिटली. मालक उठले, डोळे पुसले, आणि पुसलेल्या हातानेच कत्थई लुगडं माझ्या अंगावर फेकलं.

"काऊन असं सोंग घेतलं? मानसं हासून राहिले ना! कायले? तमाशातली हायेस काय तू?"

"तुमी पायलं नाही म्हणून."

"काय पायलं नाही?"

मी अंगावर पडलेलं कत्थई गोळा केलं. काय ते आजही नीट सांगता येत नाही.

"जा. हे नेस."

"ओलं हाये."

"ओलं तं ओलं."

मी आडोशाला गेले आणि ओलं कत्थई नेसले. माघाचा वारा होता, अंगाला चिकटत होतं. बाहेर आले तसा त्यांनी मोठा श्वास सोडला. चेहऱ्यावरचं सगळं सैल झालं.

"हां," म्हणाले, प्रेमाने म्हणाले. "आता कशी तू दिसून राहिली."

आणि गाडीत चढताना मला हात दिला. डावा हात धरला माझा, भाजलेला, वर ओढला आणि सोडून दिला.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. गावात ती अजून सांगतात, पण माझी म्हणून नाही, त्यांची म्हणून. केवळरामचा बायकोवर किती जीव! लुगडं छातीशी धरून कसा रडला! लग्नाच्या पोरींना त्यांच्या आया सांगतात, नवरा असावा तर असा. मी ऐकते आणि मान हलवते. खोटं काय आहे त्यात? रडले तर होतेच.

त्या दिवाळीला ते स्वतः गोंदियाला जाऊन माझ्यासाठी लुगडं घेऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा. पुडी माझ्या हातात दिली आणि समोर उभे राहिले. मी उघडलं. कत्थई होतं. "आता हरवशीन नाही," म्हणाले.

परवा भात वाढताना माझ्या डाव्या हातातल्या बांगड्या वर सरकल्या. त्यांचा हात ताटावर थांबला.

"हे काय झालं वं? भाजलं?"

"हो."

"कधी?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. केस पिकलेत आता, डोळ्यांत काळजी होती. खरी काळजी.

"आताच," मी म्हटलं.

"मंग काही लाव ना. तशीच काम करत राहते." आणि सुशीलाला हाक मारून लोणी आणायला सांगितलं. सुशीलाने आणलं, वाटी माझ्यापुढे ठेवली, माझ्याकडे पाहिलं नाही. सहा वर्षांपूर्वीच्या डागावर मी त्यांच्यासमोर बसून लोणी लावलं. ते समाधानाने जेवले.

दुपारी ताटं घासताना मी सुशीलाला म्हटलं, "मी मेली का, ते जांभळं नेसव मले. पिवळ्या चोळीवर. पेटीच्या तळाशी हाये."

"कायले तसं बोलता?"

"नेसवशीन का नाही?"

तिने तांब्या विसळला, उपडा घातला. मग म्हणाली, "नेसवीन. पन मंग मामाजी खांदा देनार नाहीत."

"काऊन?"

"म्हणतीन, मयत दुसऱ्याच्या घरची हाये. बाजूले सरतीन. या बाई, तुमी जा पयले."

आम्ही दोघी इतक्या हसलो, की ओसरीवरून आवाज आला, "कोण हासून राहिलं रे?"

"कत्थई," सुशीला ओरडली.

"बरं, बरं," ते म्हणाले.